साथीला बसलेला दिग्दर्शक

आमच्या घरमालकांच्या गाडीत पुढच्या सीटवर पेटी बसायची आणि बायको, म्हणजे आमच्या काकू, मागे. पेटी म्हणजे हार्मोनियम. काकूंच्या जुन्या इरकली साडीत गुंडाळलेली आणि वरून सीटबेल्ट लावलेला. मी लंडनजवळच्या स्लाऊला त्यांच्या घरची खोली बघायला गेले तेव्हा दोघं मला स्टेशनवर घ्यायला आले होते. काकू मागे बसलेल्या दिसल्या म्हणून मी पुढचं दार उघडलं, तर ते म्हणाले, "तिथं माणूस आहे." मी वाकून पाहिलं. माणूस काही दिसला नाही. मग मुकाट्यानं मागे जाऊन काकूंच्या शेजारी बसले. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "होईल सवय."

मी नागपूरची. सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधून पोट भरणारी बाई. कंपनीनं व्हिसा काढून इंग्लंडला धाडलं होतं. जरा बस्तान बसलं की दुसरीकडे जायचं असं ठरवून मी ती खोली घेतली आणि व्हिसा संपेपर्यंत तिथेच राहिले. मधे आमचं प्रोजेक्ट बेसिंगस्टोकला गेलं. रोज रेडिंगला गाडी बदलून जा-ये करावी लागायची. ऑफिसातले म्हणायचे, "अगं, मूव्ह कर ना! हे काय कम्यूट आहे?" मी रेंट कमी आहे, पोळ्या चांगल्या मिळतात, असं काहीबाही सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. तो माणूस असा का आहे ते मला कळत नव्हतं आणि कळल्याशिवाय मला तिथून हलवेना.

काका मूळचे सांगलीकडचे. सत्तरच्या दशकात आले आणि तिथल्या ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चिकटले. आठवडाभर कारखाना आणि शनिवार-रविवार पेटी. भारतातून कुणी गवई दौऱ्यावर आला की सोबत पेटीवाला आणायचा म्हणजे आणखी एक तिकीट, आणखी एक व्हिसा. त्यापेक्षा स्लाऊला फोन केलेला बरा, हे सगळ्या आयोजकांना ठाऊक होतं. लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, जिथे बोलावतील तिथे हे गाडी काढून हजर. काकू सांगायच्या, "आमची पोरं यांना 'वीकेंडला नसतात ते' म्हणून ओळखायची." पुढे कारखान्यानं माणसं कमी केली. रिडंडन्सीचे, म्हणजे नोकरी गेल्याच्या भरपाईचे, जे काही पैसे हातात पडले, त्यातून बाकीच्यांनी घराला खोल्या-गॅरेजं जोडली. ह्यांनी कॅमेरा आणला.

त्या दिवसापासून ते फिल्ममेकर झाले. एकदा मी त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेले होते. रिसेप्शनवरच्या मुलीनं ऑक्युपेशन विचारलं. ते ताठ उभे राहून म्हणाले, "इंडिपेंडंट फिल्ममेकर." घरी येऊन मी काकूंना सांगितलं, तर त्या खो खो हसल्या. "इंडिपेंडंट म्हणे! मोजे कुठं आहेत ते मला विचारतात."

पण त्यांची काम करायची रीत बघितली की हसू मागे पडायचं आणि डोकं चालू व्हायचं. ते स्टँडवर कॅमेरा लावत, एकदाच नीट रोखत, बटण दाबत आणि मग कॅमेऱ्याकडे पाठ न करता पण ढुंकूनही न बघता खाली सतरंजीवर पेटी घेऊन बसत. शूटिंग चालू असतानाच पेटी वाजवत. समोरचा माणूस चालला की पेटी चालायची, थांबला की थांबायची. त्यानं नाक खाजवलं तर त्याचीही एक हरकत निघायची. ॲक्शन म्हणायचं नाही, कट म्हणायचं नाही. काय करायचं ते कुणाला सांगायचं नाही.

"मी डायरेक्टर नव्हे," ते म्हणायचे. "मी साथीला बसलोय. गाणाऱ्याच्या पुढं जायचं नसतं."

"पण काका, तो माणूस फ्रेमच्या बाहेर गेला तर?"

"गाणारा वरच्या सप्तकात गेला तर आपण त्याला पाय धरून खाली ओढतो का?"

त्यामुळे त्यांच्या फिल्ममध्ये माणसांची मुंडकी फार कमी वेळा दिसायची. धड असायचं, हात असायचे, पेटी अव्वल असायची.

त्यांची पहिली फिल्म शेजारच्या सरदारजींवर होती. सरदारजी रोज समोरच्या बागेतल्या गुलाबांना पाणी घालायचे. काकांनी कॅमेरा लावला, पेटी घेऊन कुंपणापाशी बसले आणि नुसता सा धरून ठेवला. सरदारजी होजपाइप हातात धरून उभे. त्यांना वाटलं, हे सांगतील मग सुरू करू. ह्यांना वाटलं, ते सुरू करतील मग वाजवू. दोघेही भिडस्त. पाइपातून पाणी वाहतंय, बागेत तळं साचलंय, आणि पेटीचा सा काही हलत नाही. शेवटी सरदारजी अजिजीनं म्हणाले, "भाईसाब, शुरू करें?" आणि टेप संपली. काका इतके खूश झाले की त्यांनी तीच फिल्म म्हणून ठेवली.

ती पुढे तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दाखवली. लहान मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मधे. लोकांना वाटलं प्रोजेक्टर अडकला. कुणीतरी जाऊन वायर हलवून आलं. सरदारजींचं वाक्य आलं आणि जेवणाच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "करा हो, शुरू करा!" सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र गाडीत म्हणाले, "हसण्याची जागा बरोबर आली, नाही?"

मी त्यांच्याशी भांडायचे. माझा पेशाच तो. "काका, तुम्ही आधी शूट करा. मग शांतपणे घरी बसून म्युझिक टाका. सगळं जग तसंच करतं. पेटी आवाजात मिसळली की नंतर एडिट करता येत नाही, माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नाही. बेसिक डिफेक्ट आहे हा!"

"नंतर वाजवली तर ती सजावट," ते शांतपणे म्हणाले. "साथ तेव्हाच करायची असते. माणूस चुकतोय, अडखळतोय, तेव्हा आपण तिथं पाहिजे."

मी बग रिपोर्ट मनात ठेवून बेसिंगस्टोकची गाडी पकडायला गेले.

मी राहायला गेले तेव्हा त्यांची एक फिल्म कधीची चालूच होती आणि ती काकूंवर होती. काकू शाळेत डिनर लेडी होत्या. मुलांना जेवण वाढायचं, मटार सांडले की ओरडायचं, दुपारी घरी. त्यांनी आधीच निक्षून सांगितलं होतं, "मला ॲक्टिंग-बिक्टिंग जमणार नाही." तर काका म्हणाले, "तू काही करूच नको." मग त्या जे करत ते हे टिपत. पाऊस थांबला की धावत जाऊन दोरीवर कपडे घालणाऱ्या काकू. बस स्टॉपवर पिशवी ह्या हातातून त्या हातात घेणाऱ्या काकू. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी नुसत्याच उभ्या काकू. आणि दर ठिकाणी कुठेतरी जमिनीवर पेटी. काकू वैतागायच्या, "अहो, पुरे करा की. लोक बघतायत." पेटी त्या वैतागाच्याही मागून जायची.

शेवटचा शॉट मी स्वतः पाहिला. काकू चहा घेऊन आल्या, टेबलावर ठेवला, गेल्या. हे वाजवतच होते. काकू परत आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, चहा गार झालाय." त्या तोंड उघडणार त्याच्या किंचित आधी पेटी थांबली होती. वाक्य संपलं आणि पेटीनं ते अलगद उचललं. काका उठून नाचायचेच बाकी होते. "समेवर आली! बघितलंस? समेवर आली!"

"काय आलं?" काकूंनी विचारलं.

"तू."

"मी कधीची आलेय. चहा घ्या."

बाकी जगानं फिल्म बघितली काय नि न बघितली काय, त्यांना सोयरसुतक नव्हतं. काकूंनी एकदा बघावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि काकू काही बघायला तयार नव्हत्या. ते टीव्हीला वायर जोडायला लागले की त्यांना हटकून टेस्कोत दूध आणायला जायचं असायचं. "घरात रोज बघते तेवढं पुरे," म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, बघा ना, तुम्ही खरंच छान दिसताय." तर म्हणाल्या, "यांच्या पेटीपुढं मी कुठली दिसतेय!" हे त्या हसून म्हणाल्या, पण मला ते हसणं पटलं नाही.

एका रविवारी त्या पोळ्या लाटत होत्या आणि मी भाजत होते. काका वर बॉयलरच्या टाकीशेजारच्या कपाटात पेटी ठेवायला गेले होते. इंग्रज त्या कपाटात टॉवेल गरम ठेवतो. ह्यांची पेटी तिथे राहायची, इथल्या दमट हवेनं सूर उतरतात म्हणून. मी सहज विचारलं, "काकू, काका सारखं ते पुढं जायचं नाही, पुढं जायचं नाही, का म्हणतात हो?"

काकूंचं लाटणं चालूच होतं. "मला बघायला आले होते ना, तेव्हा गाणं म्हण म्हणाले. मी गायचे तेव्हा. बाई यायच्या शिकवायला. पेटीवर बसायला कुणी नव्हतं, तर हेच म्हणाले, मी बसतो. नवरामुलगाच साथीला! आमच्याकडं सगळ्यांना कौतुक."

"मग?"

"मग काय, पेटी माझ्या पुढं धावायला लागली. तरुण हात, दाखवायचं होतं सगळ्यांना. दुसऱ्या कडव्याला मी शब्दच विसरले. मी थांबले, पण यांचा हात काही थांबेना. लोक यांनाच वाहवा करत होते. मी आपलं गप्प बसून ऐकलं."

"आणि तरी हो म्हणालात?"

"मला कोण विचारतंय? पोळी बघ, जळेल."

पोळी जळलीच होती. मी विचारलं, "नंतर गायलात कधी?"

"एकटी असले की. यांची गाडी दारात आली की बंद." आणि त्यांनी पुढचा उंडा घेतला. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि वर कपाटात टॉवेलांमध्ये पेटी निजवणाऱ्या माणसासाठीही.

काकांना हे मी विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव. ते लेन्स पुसत होते. मी म्हटलं, "काका, काकू आधी गायच्या ना?" ते बराच वेळ ती स्वच्छ लेन्स पुसत राहिले. मग म्हणाले, "फार गोड. मी बिघडवलं." थोड्या वेळानं म्हणाले, "आता ती काहीही करू दे, मी मागंच राहणार. तिनं एकदा बघावं, बस."

त्यानंतर मीच पुढाकार घेऊन त्या फिल्मची पहिली काही मिनिटं मँचेस्टरच्या एका छोट्या फेस्टिव्हलला नमुना म्हणून पाठवली. काही दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. काकांनी तो मला दिला. बाई म्हणाल्या, "इट्स लव्हली." इंग्रज माणूस लव्हली म्हणाला की पुढच्या 'बट'साठी कंबर कसावी, हे मी एव्हाना शिकले होते. "बट कुड वी पॉसिब्ली लूज द ऑर्गन? वी कान्ट हिअर द लेडी." म्हणजे पेटी काढा, बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. मी जे कधीपासून सांगत होते तेच. काकांना मी ते सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पेटी तिच्या आड येतेय."

मला वाटलं, जिंकले. संध्याकाळी ऑफिसातून आले तर हे कॉम्प्युटरसमोर प्रसन्न बसलेले.

"काढली पेटी."

"कशी काढली? आवाज तर एकत्र आहे."

"सगळाच आवाज काढला."

मी खुर्चीवर बसलेच. "आणि ओरिजिनल?"

"जागा भरली होती म्हणून डिलीट केलं."

"टेप?"

टेपवर त्यांनी सरदारजींच्या नातवाचा वाढदिवस घेतला होता. तेच करायचे ते नेहमी, जुन्यावर नवं. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा पुरावा आज कुणी मागितला तर मला देता येणार नाही, तो ह्यामुळेच. मी म्हटलं, "काका, बॅकअप नावाची काही गोष्ट असते! आता तिथे काय दाखवणार? मुकी फिल्म?"

"बॅकअप कशाला? वाजवणारा जिवंत आहे ना," ते म्हणाले. "तिथं जाऊन बसतो साथीला."

"आणि काकूंचं वाक्य? चहा गार झालाय? ते गेलं ना कायमचं!"

त्यांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेटी काढायच्या नादात त्यांनी पुन्हा काकूंनाच गप्प केलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मँचेस्टरला काकू आल्या त्या फिल्मसाठी नव्हे. "मी नसले की हे मोटरवेवर स्टिअरिंगवर तीनताल वाजवत जातात," म्हणाल्या. "मी बाहेर बसेन." काकांची कंबर धरली होती, त्यामुळे पेटी उचलायला मी आणि काकू. पेटी पुढे, बेल्ट लावून. आम्ही दोघी मागे, मांडीवर डबा.

हॉल म्हणजे जुनं चर्च होतं, बाहेरून ट्राम जायची. आमच्या आधी एका विद्यार्थ्याची फिल्म होती, तीत एक माणूस जिन्यावरून पुन्हा पुन्हा पडत होता. तिला टाळ्या पडल्या. मग आम्ही पेटी पडद्याखाली नेऊन ठेवली, काकूंनी तिची साडी सोडली, घडी घातली, आणि दाराकडे वळणार तोच दिवे गेले. काळोखात वाट दिसेना. "अगं बाई," म्हणत त्या माझ्या शेजारी पहिल्याच रांगेत बसल्या.

पडद्यावर काकू कपडे वाळत घालायला लागल्या आणि पेटी त्यांच्या मागून निघाली. मी ती फिल्म किती वेळा पाहिली होती, पण तशी पेटी ऐकली नव्हती. कुठेही घाई नाही. काकूंनी चिमटा तोंडात धरला की ती थबकायची, दोरीला लागला की हलकेच पुढे सरकायची. बस स्टॉपवर तर ती इतकी हळू झाली की बाहेरची ट्राम ऐकू आली. मी काकूंकडे चोरून पाहिलं. घडी केलेली साडी छातीशी धरून त्या पडद्याकडे बघत होत्या. उठल्या नाहीत.

मग तो शेवटचा शॉट आला. काकू चहा ठेवून गेल्या, परत आल्या, दारात उभ्या राहिल्या. काकांनी पेटीवरून हात उचलला. पडद्यावर काकूंचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. हॉलमध्ये अगदी शांत. पडद्यावरच्या काकू दारात उभ्या आणि खाली काका हात वर धरून बसलेले. आता वाजवा ना, मी मनात म्हणत होते, काहीतरी वाजवा, पडदा काळा होईल, सगळी फजिती होईल. ते वाजवेनात. ते थांबलेच होते.

आणि माझ्या शेजारून, घरात मारतात तशी हाक आली. "अहो, चहा गार झालाय."

पेटीनं ते वाक्य उचललं. तेवढ्याच सुरात, तेवढ्याच बेतानं, आणि मग ती संपली. लोकांना शब्द कळले नव्हते, पण पडद्यावरची बाई पहिल्या रांगेत बसलीय हे कळलं, आणि आधी हशा आला, मग टाळ्या. काका वळून बघत होते. चष्मा काढून ते शर्टाला डोळे पुसत होते, चारचौघांत, काही न लपवता. काकू मला म्हणाल्या, "चल, कोट घे."

बाहेर त्या फेस्टिव्हलच्या बाई धावत आल्या आणि काकांचा हात धरून म्हणाल्या, "दॅट वॉज लव्हली." मी थांबले. ह्या वेळी 'बट' आलं नाही.

पार्किंगमध्ये भुरभुर पाऊस होता. कंबर धरलेली असतानाही पेटी काकांनीच उचलून आणली, आम्हाला हात लावू दिला नाही. साडीत गुंडाळलेली पेटी पोटाशी धरून ते नेहमीसारखे पुढच्या दाराशी गेले आणि तिथेच उभे राहिले. पुढच्या सीटवर काकू बसल्या होत्या. बेल्ट लावून.

"अगं, तिथं पेटी..." ते म्हणाले.

काकू समोर बघत म्हणाल्या, "इथं माणूस आहे."

काका क्षणभर तसेच पावसात उभे. मग त्यांनी मागचं दार उघडलं, पेटी माझ्या शेजारी ठेवली, तिला बेल्ट लावला आणि मला म्हणाले, "हिला धर हं जरा." स्लाऊ येईपर्यंत मी तिला धरून बसले होते. पुढे काकू बोलत होत्या आणि गाडी चालवता चालवता काका त्यांच्या बोलण्यामागून हुंकार देत होते.